सालोमीबाईंचा गोतावळा

मिसर देश कोणत्या तहसिलीत येतो, असं कोसमटोल्याच्या पाटलानं मला विचारलं, तेव्हा मी त्या गावच्या जंगलनाक्यावर रुजू होऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. नव्या नोकरीत माणसाला सगळं माहीत असावं लागतं. मी म्हटलं, "सिरोंच्याच्या पलीकडं."

पाटलाला ते पटलं. "तरीच म्हनलं," तो म्हणाला. "आमच्या सालोमीबाईचे मोठे दीर तिथी दिवाण हायेत. भावायनं लय छळलं बिचाऱ्याले. कोरड्या हिरीत ढकलून देल्लं, मंग इकून टाकलं. पन मानूस मनाचा मोठा. दुष्काळ पडला तं त्याच भावायले धान्य देल्लं. आपून असतो तं देल्लं असतं काय?"

मी नसतं दिलं, असं मी खरंखरं सांगून टाकलं. बाईंच्या सासरची माणसं बरीच तालेवार दिसतात, असं मनात आलं. पुढं चौकशी केल्यावर कळलं की मिसर म्हणजे इजिप्त, या दिरांचं नाव योसेफ, आणि त्यांना जाऊन काही हजार वर्षं झाली होती.

ही गोष्ट पन्नास सालानंतरची. जिल्ह्याचं नाव तेव्हा चांदाच होतं, गडचिरोली ही त्यातली एक तहसील होती, आणि तहसिलीत जंगल आहे की जंगलात तहसील, हे ठरवायला अजून कोणी आलं नव्हतं. मी वरोऱ्याकडचा, कापसाच्या मुलखातला माणूस. झाडं मोजायची नोकरी पत्करली ती पोटासाठी. झाडांचा मला तेव्हाही कंटाळा होता, आताही आहे. नाक्याला लागून एक कुडाचं घर होतं, त्यात सालोमीबाई राहायच्या. त्या मिशनच्या बायबलबाई. म्हणजे गावोगाव हिंडून बायबलातल्या गोष्टी बायाबापड्यांना सांगायच्या, एवढंच त्यांचं काम. गावात कुणबी होते, गोंड होते, चार घरं गोवाऱ्यांची होती. ख्रिस्ती वस्ती म्हणजे त्या एकट्या आणि त्यांची एक बकरी, जिच्या धर्माबद्दल खात्री देता येत नव्हती.

बाई उंच, काटक, पन्नाशीच्या पुढच्या. पायात पुरुषी चपला, डोक्यावर बारमाही छत्री. लहानपणी दुष्काळात ब्रह्मपुरीकडून मिशनच्या अनाथाश्रमात आलेल्या, त्यामुळं बोली अस्सल झाडीची. पण मध्येच शास्त्रातलं एखादं वाक्य आलं की आवाज बदलायचा, आणि 'मले-तुले' करता करता बाई एकदम 'तुम्हांस' म्हणायला लागायच्या. मग शिंक यावी तसं ते वाक्य निघून जायचं आणि पुन्हा 'मले-तुले' सुरू व्हायचं.

त्यांची सकाळची प्रार्थना मला कुडातून ऐकू यायची. ऐकायची माझी इच्छा नसायची. देवाशी त्या पाटलाशी बोलावं तशा बोलत. "बाप्पा, काल सांगितलेलं काम अजून झालं नाई. जनाबाईचा खोकला तसाच हाये. म्या दुसऱ्यांदा सांगून राह्यली. अन् हा नाकेदारभाऊ लय रागीट हाये, त्याले शांती दे. त्याले देत नसशीन तं मले दे." हे ऐकून मला राग यायचा, आणि राग आला की त्यांचं म्हणणं खरं ठरायचं. या पेचातून मला तिथं असेपर्यंत वाट सापडली नाही.

आता योसेफ त्यांचे दीर कसे झाले, ते सांगायला हवं. बाई खोटं बोलल्या असं कोणाला वाटू नये. त्या बाजाराच्या दिवशी चिंचेच्या फांदीला चित्रांची गुंडाळी टांगत आणि खाली बसून गोष्ट सांगत. बोलताना 'आमचा दावीद', 'आमचा योसेफ', 'आमची रूथ' म्हणायची त्यांना सवय. कोसमटोल्यात गोष्टी दोनच प्रकारच्या. देवाची गोष्ट असली तर आधी दिवा लागतो, नारळ फुटतो, ऐकणारा हात जोडून बसतो. बाकी सगळ्या गोष्टी म्हणजे नातेवाइकांच्या बातम्या. त्या तंबाखू मळता मळता ऐकायच्या. बाईंनी कधी दिवा लावला नाही की नारळ फोडला नाही. तेव्हा गावानं सरळ हिशेब केला की ही बाई आपल्या माणसांची खबरबात सांगून राहिली आहे. चित्रं म्हणजे फोटो. "तुमच्या घरचे लोक गोरे हायेत बाई," असं एकदा कोणी म्हणालं, तेव्हा बाईंनी चित्राकडं पाहिलं, स्वतःच्या हाताकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "हो, तिकडले गोरेच हायेत."

खरं सांगायचं तर गावाला यात समाधान होतं. एकटी बाई, ना मागं कोणी ना पुढं कोणी, ही गोष्ट त्या लोकांना सोसवत नसे. एवढा मोठा गोतावळा आहे म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. येता-जाता चौकशी व्हायची. दावीदभाऊचं राज्य ठीक चाललंय ना, रूथबाईची सासू आता तरी सुखात आहे ना. बाई प्रत्येकाला नीट उत्तर द्यायच्या.

त्यांचा खरा विरोधक होता दौलत गोवारी. गावाची गुरं आणि बकऱ्या तोच चारायचा, शेजारच्याच घरात राहायचा, आणि जनावराच्या बाबतीत त्याला कोणाचं ऐकून घ्यायची सवय नव्हती. हरवलेल्या मेंढराची गोष्ट बाईंनी सांगितली. शंभरांतलं एक हरवलं, मेंढपाळ बाकीची तिथंच सोडून त्या एकाला शोधायला निघाला. दौलतनं काठी आपटली.

"बाकीचे कोनाच्या भरवशावर सोडले?"

"सोडले रानात," बाई म्हणाल्या.

"अन् लांडग्यायले उपास होता का त्या दिशी? बाई, असा गुराखी आमच्या गावात एक दिस टिकनार नाई. पाटील त्याले चपलीनं मारन."

पुढच्या बाजारापर्यंत बाई विचारात होत्या. कुडापलीकडून मला ते कळत होतं, कारण देवाला बरेच प्रश्न गेले होते. बाजाराच्या दिवशी त्यांनी दौलतला बोलावून सांगितलं, "त्याचा एक भाऊ होता. तो राह्यला बाकीच्याजवळ." दौलत म्हणाला, "मंग ठीक हाये." अशा रीतीनं त्या गोतावळ्यात आणखी एका माणसाची भर पडली.

दानीएलचंही तसंच. सिंह त्या लोकांनी पाहिलेला नव्हता, म्हणून बाईंनी गुहेत वाघ घातले. दानीएलभाऊ रात्रभर वाघांत बसला आणि सकाळी सुखरूप बाहेर आला, हे ऐकून एकालाही नवल वाटलं नाही. दौलत एवढंच म्हणाला, "पोट भरलेले असतीन." पण शेवटच्या न्यायाच्या दिवशी मेंढरं उजवीकडं आणि बकऱ्या डावीकडं, आणि डावीकडच्यांना नरक, असं जेव्हा आलं तेव्हा गाव खरोखर नाराज झालं. अख्ख्या पंचक्रोशीत मेंढरू नव्हतं. सगळ्यांच्या बकऱ्या. बाईंची स्वतःची बकरीसुद्धा तिथंच बांधलेली, ऐकत होती. "आमच्या बकऱ्यायनं काऊन जाव नरकात?" म्हणून दौलत उठून गेला, आणि बाईंनी ती गोष्ट पुन्हा काढली नाही.

मी एकदा त्यांना स्पष्टच बोललो. मी म्हटलं, "बाई, या लोकांना वाटतं ही सगळी तुमची नात्याची माणसं आहेत."

"मले मालूम हाये," त्या तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या.

"मग सांगत का नाही?"

त्यांनी सुपातला एक खडा काढून बाजूला ठेवला. "नाकेदारभाऊ, नवरा गेला, पोरगा गेला, मायबाप तं आठवतच नाई. मले दुसरं हाये कोन? हेच लोक हायेत माह्ये. याहीचंच नाव घेऊन उठतो अन् याहीचंच नाव घेऊन निजतो. नातेवाईक आनखी कायले म्हनते?"

मी बिडी पेटवली.

तेव्हाच त्यांच्या मुलाबद्दल कळलं. प्रकाश त्याचं नाव. नुकता शाळेत जायला लागला होता, आणि चांद्याच्या मिशनच्या आवारात देवीच्या साथीत गेला. तेव्हाचे साहेब भले होते; पण त्यांनी सांगितलं की आपण ख्रिस्ती लोकांनी टाहो फोडायचा नसतो, ज्यांना आशा नाही ते लोक रडतात. बाईंनी ऐकलं. एक गीत म्हटलं, मुलाला मातीत ठेवलं आणि दुसऱ्या दिवसापासून मुलींच्या वसतिगृहाचं काम धरलं. हे सगळं त्यांनी मला तांदूळ निवडत सांगितलं, आवाज न बदलता. मला त्या साहेबाचा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

वर्षातून एकदा मिशनचे पाद्रीसाहेब सायकलीवरून यायचे. हे गोरे नव्हेत, आपल्यातलेच, नगरकडचे, बोलणं शुद्ध, कपडे इस्त्रीचे, माणूस वाईट नाही. ते विचारायचे, "यंदा बाप्तिस्मे किती?" बाई म्हणायच्या, "अजून नाई साहेब. पन लोक ऐकून राह्यले." असं बरीच वर्षं चाललं. मग एका हिवाळ्यात पाद्रीसाहेबांनी सांगितलं की कमिटीचा विचार पक्का होत आलाय. एवढ्या वर्षांत एक माणूस नाही. हे घर मोडून सामान दुसरीकडं न्यावं आणि सालोमीबाईंनी चांद्याच्या विधवाश्रमात राहावं. आपल्या हातात काही नाही, कमिटीचं म्हणणं आहे, असंही ते म्हणाले. तरी ते ईस्टरला स्वतः येतील, गावात विश्वासाची काही खूण दिसली तर बघतील.

बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. मी समजूत घालायला गेलो. आश्रमात पक्कं घर आहे, दवाखाना आहे, आपल्या धर्माच्या बायका आहेत, असं मी सांगून पाहिलं.

"तेच तं," बाई म्हणाल्या. "तिथी साऱ्या ख्रिस्ती. साऱ्यायले साऱ्या गोष्टी पाठ. म्या एक सुरू केली का दुसरी तिचा शेवट सांगन. म्या सांगू कोनाले?" आणि मग खाली बघून म्हणाल्या, "मले जाच नाई इथून. मरू इथीच."

त्या वर्षी ईस्टर मोहाच्या ऐन हंगामात आला. मोहाची फुलं पहाटे गळतात. उजाडता उजाडता वेचली तर आपली, नाहीतर हरणांची, अस्वलांची आणि शेजारच्या गावाची. त्या दोन-तीन आठवड्यांच्या फुलांवर गावाचा पावसाळा निघतो, तेव्हा त्या दिवसांत कोसमटोल्यात आजारी पडायचीही पद्धत नव्हती. दरवर्षी या आठवड्यात सालोमीबाई उपासनेसाठी चांद्याला जायच्या. म्हणून गावानं त्यांच्या तोंडून येशूचा जन्म ऐकला होता, लग्नघरी पाण्याची दारू झाल्याचं प्रकरण ऐकलं होतं (ते फार आवडलं होतं), पण मरण कधी ऐकलं नव्हतं. यंदा पाद्रीसाहेब येणार म्हणून त्या गावातच राहिल्या.

येशू हा त्यांचा मुलगा, हे मात्र गावानं आधीच ठरवून टाकलं होतं. तो पोरगा घरी टिकत नाही, मासे धरणाऱ्या ढीवरांच्या पोरांसोबत नदीकाठी हिंडतो, कोणाच्याही घरी जेवायला बसतो, मोठ्या लोकांना तोंडावर बोलतो, असं बाई ज्या काळजीनं सांगत त्या काळजीनं फक्त आईच सांगते. बाईंनी कधी 'माझा मुलगा' म्हटलं नाही. कोणी विचारलंही नाही. असल्या गोष्टी विचारायच्या नसतात.

ईस्टरच्या आधीच्या शुक्रवारी पहाटे जनाबाई, म्हणजे दौलतची बायको, विस्तव मागायला बाईंकडं गेली. काडेपेटी कोणाकडं नसायची. एकीच्या चुलीतला निखारा दुसरीच्या चुलीत जायचा. चूल थंड होती. बाई पांढरं लुगडं नेसून भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"चूल काऊन नाई पेटली बाई?"

"आज पेटवत नाई. उपास हाये."

"काऊन वं? काय झालं?"

"आज आमचा येशू मेला, जनाबाई."

पुढचं मी कुडातून ऐकलं. जनाबाईच्या हातातलं मडक्याचं खापर पडलं आणि तिनं हंबरडा फोडला. "अवं माय माह्ये, जवान पोरगा गेला तुझा." बाई घाईघाईनं म्हणाल्या, "जनाबाई, आईक, तसं नोहे," पण जनाबाईनं त्यांच्या गळ्यात हात टाकले होते. "रड वं बाई, रड. असं दगडावानी नको बसू. पोटचा गोळा होता तुझा." तोवर आणखी बाया आल्या होत्या. आणि मग मी जो आवाज ऐकला तो आधी ओळखू आला नाही. सालोमीबाई रडत होत्या. चांद्याला मिशनच्या आवारात जे रडायचं राहिलं होतं ते सगळं त्या रडत होत्या. मी नाक्याच्या मागं जाऊन उभा राहिलो, कारण नाकेदाराच्या डोळ्यात पाणी गावानं पाहू नये.

पाटलानं मोहाला निघालेली माणसं परत फिरवली. गावात मयत झाली की कोणी कामाला जात नाही, हा नियम. मी म्हटलं, "पाटील, अहो, या गोष्टीला फार दिवस झालेत."

पाटलानं माझ्याकडं दयेनं पाहिलं. "बातमी आज आली ना? दूरची मयत असली का बातमी आली तैपासून सुतक. तुमच्या वरोऱ्यात कसं करते?"

वरोऱ्यातही तसंच करतात. माझं काम लाकडाची पावती फाडण्याचं. ख्रिस्ती धर्माची शुद्धाशुद्ध बघायला सरकारनं मला नेमलं नव्हतं.

दुपारी पाद्रीसाहेब सायकल ढकलत आले. चेहऱ्यावर धूळ आणि आश्चर्य. "नाकेदार, मोहाखाली फुलांचा सडा पडलाय. लोक कुठं आहेत?"

"मयत झालीय," मी म्हटलं.

"अरेरे. कोणाची?"

"तुमच्यापैकीच एकाची," मी म्हटलं, आणि त्यांना बाईंच्या अंगणाकडं नेलं.

सगळं गाव बसलं होतं. घरोघरून भात आणि वरण आलं होतं, कारण सुतकाच्या घरी शेजारीच जेवण पोचवतात. पाटलानं पाद्रीसाहेबांना चटईवर जागा दिली आणि कडुनिंबाची चार पानं हातावर ठेवली. मयताला आलेल्या माणसानं ती चावायची असतात. पाद्रीसाहेबांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा बाईंच्या सुजलेल्या डोळ्यांकडं पाहिलं, आणि पानं तोंडात टाकली.

"तुमच्याच जातीतला पोरगा," पाटील त्यांना हलक्या आवाजात सांगू लागला. बाईंनी सकाळपासून सगळी हकीकत सांगितलेली होती. "काई गुन्हा नाई. खोटी तक्रार झाली. सायबाले मालूम होतं का पोरगा निर्दोष हाये. सायबाची बायकोबी म्हने, याच्या भानगडीत पडू नका. पन सायबानं पानी मागवलं, हात धुतले. म्हने, माह्या हातात काई नाई. सायेब लोक असेच असतेत. तुमाले तं मालूमच हाये."

पाद्रीसाहेब निंबाचा पाला बराच वेळ चावत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बाईंना माझ्या नाक्यावर बोलावलं. साक्षीला मी होतो, कारण खाट माझी होती. "सालोमीबाई, तुम्ही यांना सांगितलंत की तो तुमचा मुलगा?"

"नाई साहेब."

"मग त्यांना असं का वाटतं?"

"म्या नाई बी नाई म्हनलं."

"ही फसवणूक आहे. गरीब लोकांची फुलं वाया गेली." ते रागावले नव्हते, दमलेले होते. "उद्या तिसरा दिवस. ते विधी करायला येतील. तुम्ही दोन्ही गोष्टी सांगायच्या. तो तुमचा मुलगा नव्हता, आणि तो उठला. लोक चिडले तर मी काही करू शकणार नाही."

"सांगतो साहेब," बाई म्हणाल्या. जाताना दारात थांबल्या. "गावानं हाकललं तं आश्रमात जागा हाये ना?" पाद्रीसाहेब हो म्हणाले. त्या दिवशी बाईंनी प्रार्थना केली नाही. मी दोनदा कुडाला कान लावला, पण काही आवाज आला नाही, आणि मला चैन पडेना.

रविवारी सकाळी सगळं गाव पुन्हा अंगणात. एव्हाना तीन दिवसांची फुलं अस्वलांनी खाल्ली होती. सालोमीबाई उभ्या राहिल्या. छत्री नव्हती, चित्रं नव्हती.

"तो उठला," त्या म्हणाल्या. "मेला होता, आज पहाटे उठला. कबर रिकामी हाये."

दौलतनं काठी आडवी ठेवली. पाटील पाद्रीसाहेबांकडं बघू लागला आणि पाद्रीसाहेब जमिनीकडं.

"कोनी पाह्यलं?" जनाबाईनं विचारलं.

"बायायनं. भल्या पहाटे गेल्या होत्या."

"मंग खरं असन," जनाबाई म्हणाली. "मानसं तं निजले असतीन." बायांनी माना डोलावल्या. मग तिनं विचारलं, "अन् आता कुठी हाये?"

"गालीलात, त्याच्या मुलखात. संगत्यायले भेटला."

"तुले भेटाले नाई आला?"

मला वाटलं आता सालोमीबाई गप्प बसतील, आणि बसाव्यात असंच मला वाटत होतं. पण त्या बोलल्या. "जनाबाई, म्या त्याची माय नोहो. म्या तुमाले तसं समजू देल्लं, मले माफ करा. माह्या पोरगा प्रकाश. तो लहान होता. चांद्याले मिशनात गाडला त्याले. तो नाई उठला." एवढं बोलून त्या खाली बसल्या.

बाईंच्या बकरीनं कोणाच्या तरी टोपल्यातला भात खायला सुरुवात केली, तरी तिला कोणी हाकललं नाही. जनाबाई हनुवटीला हात लावून विचार करत होती. मग ती सरकत सरकत बाईंजवळ आली.

"पन एक तं उठला ना?"

"हो."

"मंग झालं. एकाले जमलं तं दुसऱ्याले बी जमन. तुह्या लहान हाये, त्याले उशीर लागन." तिनं बाईंच्या डोक्यावरचा पदर सारखा केला. "तू मात्र इथून हालू नको वं. तू गाव सोडून गेली अन् तो उठून आला, तं पोरगा तुले कुठी शोधन?"

मी पाद्रीसाहेबांकडं पाहिलं. त्यांनी चष्मा काढला होता. पाटलानं घसा साफ करून विचारलं, "मंग साहेब, सुतक फिटलं म्हनाव काय?" पाद्रीसाहेब म्हणाले, "फिटलं." "मंग हा भात आनंदाचा समजू," पाटील म्हणाला, आणि पंगत बसली. पाद्रीसाहेब दौलतशेजारी बसून दोनदा भात मागून जेवले. निघताना सायकलीला हात लावून बाईंना म्हणाले, "तुम्ही इथंच राहा. कमिटीला काय सांगायचं ते मी बघतो." काय सांगितलं ते मला माहीत नाही. घर राहिलं. मी तिथं असेपर्यंत कोसमटोल्यात एकही बाप्तिस्मा झाला नाही.

पुढं माझी बदली झाली. रस्त्याच्या फाट्यावर सर्विसगाडी थांबायची, तिथवर पोचवायला सालोमीबाई आणि जनाबाई आल्या. बरोबर टोपलीभर टेंभरं, मला न आवडणारी टेंभुर्णीची फळं. बाईंनी माझ्यासाठी मोठ्यानं प्रार्थना केली, त्यात माझ्या रागाचा उल्लेख होताच. मला त्यांच्या पाया पडायचं होतं, आणि मी पडलो. त्या "नोको नोको" म्हणत राहिल्या.

गाडी आली. माणसं उतरू लागली. मी आत शिरून खिडकीशी बसलो तेव्हा दिसलं की जनाबाई पंजांवर उभी राहून उतरणाऱ्या एकेकाचं तोंड बघत होती. शेवटी एक तरुण पोरगा पेटी घेऊन उतरला, तेव्हा तिनं बाईंना कोपरानं ढोसलं. सालोमीबाईंनी डोळ्यांवर हात धरला आणि त्याच्याकडं पाहिलं. नीट, पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. पोरगा कोणाचा तरी दुसऱ्याचा होता. तो पेटी खांद्यावर टाकून पलीकडच्या वाटेला लागला.

"हा नोहे," जनाबाई म्हणाली.

"नाई," सालोमीबाई म्हणाल्या. "आज नाई."